पडद्यामागचे शेठ आणि चार बोटं

दर रविवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या घरात एका माणसावरून भांडण होतं, आणि त्या माणसाला आम्ही कुणीच कधी पाहिलेलं नाही.

टीव्हीवर पेट्यांचा एक खेळ लागतो. समोर वीस बंद पेट्या मांडलेल्या असतात. खेळणारा त्यातली एक निवडतो. तिच्यात हजार रुपये आहेत की पंचवीस लाख, हे त्याला ठाऊक नसतं. बाकीच्या पेट्या एकेक करून उघडत जातात आणि मध्येच टेबलावरचा फोन वाजतो. फोन शेठचा असतो. शेठ म्हणजे मंचावरच काळ्या पडद्यामागे बसलेला माणूस. तो त्या बंद पेटीचा भाव करतो. त्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. सूत्रसंचालक फोन कानाला लावून नुसती मान डोलावतो. मग पडद्याखालून पांढरा हातमोजा घातलेला एक हात बाहेर येतो, चिठ्ठी ठेवतो आणि आत जातो. चिठ्ठीवर आकडा असतो. पटला तर पेटी शेठची, नाही पटला तर खेळ पुढे चालू.

शेठचा चेहरा आजवर कधी दाखवलेला नाही, त्यामुळे ज्याचं त्याचं मत आहे. माझ्या गाळ्यासमोरच्या चहाच्या टपरीवर कुणी म्हणतं निवृत्त झालेला नट आहे, कुणी म्हणतं बँकेतला मोठा साहेब. माझा मेस्त्री ट्रॅक्टरच्या इंजिनात डोकं घालून तिथूनच ओरडतो, "सेठ, कंप्यूटर है वो. हात किराये का, दिमाग मशीन का." माझी बायको म्हणते, ती बाई आहे.

"कशावरून?"

"एवढा वेळ गप्प बसून भाव करणं पुरुषाला जमत नाही. तुम्ही तर मेथीच्या जुडीसाठीसुद्धा दोन मिनिटांत आवाज चढवता."

हे खरं आहे. मी भाव करायला लागलो की रस्त्यावरची माणसं थांबून बघतात. पण भाव करण्यावरच मी उभा राहिलो. घरातून निघालो तेव्हा माझ्याकडे एक सायकल होती, आणि तिच्या मागच्या चाकात हवा टिकत नव्हती. आज जुन्या ट्रॅक्टरच्या खरेदी-विक्रीचा माझा स्वतःचा गाळा आहे. कुणाचा हात डोक्यावर नसताना केलेला. त्यामुळे भाव करण्याबद्दल मला कुणी काही शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं.

आणि शेठबद्दल तर मला कुणी शिकवायची गरजच नव्हती. शेठ कोण, हे मी ओळखलं होतं.

मी मूळचा बैलबाजारातला. ट्रॅक्टर नंतर आले. बाजारात मी आणि माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले एक गृहस्थ, अशी आमची जोडी होती. ते बार्शीचे. बाजारात त्यांना थोरले म्हणत आणि मला धाकटे. आमची खरी नावं काही जणांना माहीतही नसतील. शेतकऱ्याकडून शेवटचा भाव काढून घेणं माझं काम, गिऱ्हाइकाला त्या भावापर्यंत आणणं त्यांचं.

बैलाचा भाव बाजारात तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालून बोटं दाबतात. एक बोट दाबलं तर एक, दोन दाबली तर दोन, अख्खा पंजा धरला तर पाच. ते शेकडे की हजार, हे दोघांना आधीच माहीत असतं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी काय ठरलं ते त्या दोन हातांनाच कळतं. आमच्या जोडीत शेतकऱ्याची बोटं माझ्या डाव्या हातात यायची. मी माझ्या उजव्या हाताने तोच आकडा थोरल्यांच्या हातात द्यायचो. थोरले पलीकडे गिऱ्हाइकाचा हात धरून उभे. सगळं एकाच उपरण्याखाली. चार माणसं, तोंडं चार दिशांना, आणि बोलतायत काय तर पाऊसपाण्याचं.

थोरल्यांची पद्धत वेगळी होती. पहिला भाव द्यायला ते फार वेळ घ्यायचे. गिऱ्हाइकाने कमी बोट दाबलं की चिडायचे नाहीत, आभाळाकडे बघायचे. गोल आकडा कधी देत नसत. गोल आकडा दिला की समोरच्याला वाटतं अजून जागा आहे, असं ते म्हणायचे. समोरचा फार हसायला लागला तर दुसरा भाव पहिल्यापेक्षा त्याच्या तोट्याचा यायचा. आणि सौदा अगदी अडला की वर द्यायचे एसटीचं भाडं. "आणि गावाला जायचं भाडं आमच्याकडनं." दहा-वीस रुपयांची गोष्ट, पण तेवढ्यावर अडलेला माणूस मोकळा व्हायचा.

आता टीव्हीवरच्या शेठकडे बघा. तो फार वेळ घेतो. त्याचे आकडे गोल नसतात. खेळणारा उड्या मारायला लागला की दुसरा भाव खाली येतो. हे सगळं कुणी हुशार माणूस करू शकेल, म्हणून मी बरेच रविवार गप्प बसलो. पण एकदा नातेपुत्याकडची एक मास्तरीण खेळायला आली होती. तीन भाव नाकारले तिने. चौथी चिठ्ठी आली आणि सूत्रसंचालक हसत हसत म्हणाला, "शेठ म्हणतात, वर घरी जायचं एसटीचं भाडं."

मी ताटावरून उठलो.

"थोरले!" मी ओरडलो. "थोरले आहेत हे! बसलेत बघा पडद्यामागे!"

बायकोने आवाज कमी केला, टीव्हीचा. माझा तिला कधी जमला नाही.

"एवढे त्यांचे भक्त होता, तर अकरा वर्षांत एकदा फोन नाही केलात," ती म्हणाली.

फोन न करण्याचं कारण तिला माहीत होतं. बाजारातल्या सगळ्यांना माहीत होतं, फक्त उलटं.

त्या दिवशी आमच्याकडे एक खिलारी जोडी होती. सत्तर हजारांच्या वर किती, एवढंच बोटांनी ठरायचं होतं. शेतकऱ्याने माझी चार बोटं दाबली. चौऱ्याहत्तर, याच्या खाली नाही. मी थोरल्यांची चार बोटं दाबली. त्यांनी गिऱ्हाइकाशी सौदा पक्का केला आणि उपरणं काढून मोठ्याने सांगितलं, "त्र्याहत्तर."

शेतकरी उसळला. "मी चार दिली हुती की!"

"मी चारच पुढे दिली," मी म्हणालो.

गिऱ्हाईक म्हणालं, "मला काय करायचंय? सौदा झाला. जबान झाली."

मग पन्नास माणसं थोरल्यांकडे बघायला लागली. एका जाणत्या दलालाने त्यांना विचारलं, "थोरले, धाकट्यानं किती दाबली?" थोरले जमिनीकडे बघत होते. मान वर न करता म्हणाले, "तीन."

हजार रुपयांची गोष्ट होती. मी खिशातून देऊ शकलो असतो. पण दिले असते तर मी चुकलो असं झालं असतं. नाही दिले, तर गिऱ्हाइकाकडून पैसे खाऊन भाव पाडला असं झालं. तेच झालं. थोरल्यांचं बोट तीस वर्षांत चुकलं नव्हतं, म्हणजे चुकला तो धाकटा, आणि धाकटा चुकणाऱ्यातला नाही, म्हणजे लबाडी केली. बाजाराचा हिशेब सरळ असतो. मी थोरल्यांच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, शेणात फेकलं, त्यांना सगळ्यांसमोर चोर म्हणालो आणि निघालो. पुढच्या बाजारी माझ्या उपरण्याखाली हात घालायला कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. बैल सुटले ते तसे. लोकांना वाटतं मी काळ ओळखून ट्रॅक्टरकडे वळलो. मीही तसंच सांगतो.

तर असा तो माणूस आता टीव्हीवर, पांढरा हातमोजा घालून, अख्ख्या महाराष्ट्राशी भाव करत होता. आणि माझ्यावरचा डाग जसाच्या तसा. मला त्यांच्याकडून पैसे नको होते, माफीसुद्धा नको होती. एकच गोष्ट हवी होती. मी त्या दिवशी चार बोटं दाबली, हे त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांच्याशिवाय ते सांगू शकणारा दुसरा माणूस जगात नव्हता.

"येत्या रविवारी सातला बार्शीत त्यांच्या दारात उभा राहतो," मी बायकोला म्हणालो. "घरात नसले म्हणजे झालं सिद्ध."

"रेकॉर्डिंग असतं ते," ती म्हणाली. "शेठ त्या वेळी घरी बसून भाकरी खात असेल."

मेस्त्री तर पोट धरून हसला. "सेठ, तुम इत्ते बड़े ब्यापारी, और एक हात देख के आदमी पहचानते?"

"आयुष्यभर तेच केलंय," मी म्हणालो.

शेवटी मंगळवारी दुपारी निघालो. मोकळ्या हाताने जायचं नाही म्हणून आधी बाजारपेठेत जाऊन एक पांढरं उपरणं घेतलं. दुकानदार मला ओळखतो. त्याने किंमत सांगितली, मी पैसे दिले. तो माझ्याकडे बघत राहिला. "अण्णा, तब्येत बरी आहे ना?" त्या उपरण्याचा भाव करणं मला जमलं नाही, एवढंच.

बार्शीत घर सापडायला वेळ लागला नाही. दार सुनेने उघडलं. आत थोरले खुर्चीवर बसलेले, समोर टीव्ही, टीव्हीवर रविवारच्या खेळाचं पुनःप्रक्षेपण. अंग निम्मं झालं होतं. मी दारातच उभा राहिलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग टीव्हीकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"आरं," ते म्हणाले, "मग त्यो कोन हाय पडद्यामागं?"

"मीही तेच विचारायला आलोय."

"आमी तर तूच म्हनत हुतो. गल्लीत सगळ्यास्नी सांगितलंय मी. आमचा धाकटा लई मोटा झाला, टीव्हीवर बसला."

सून हसू दाबत म्हणाली, "खरंच सांगतात हो. दर रविवारी. शेजारचे येऊन विचारतात, तुमच्या धाकट्यांनी आज किती दिले."

माझा राग कुठून सुरू करावा तेच मला कळेना. मी म्हणालो, "मी कसा असेन? तो दहा-दहा मिनिटं गप्प बसतो."

"गप? चिट्टी कशी ठिवतो बघितलं न्हाईस व्हय? आपटतो. खेळनारा न्हाई म्हनला की हात असा झटक्यानं आत. लई तापट हाय गडी. तुज्यावानी."

मी टीव्हीकडे बघितलं. तेवढ्यात हात आला, चिठ्ठी ठेवली आणि गेला. आपटली होती. इतक्या रविवारांत मी ते पाहिलंच नव्हतं. मी त्यांचा धीर शोधत होतो, ते माझा राग शोधत होते, आणि दोघांनाही हवं ते सापडलं होतं.

"आणि एसटीचं भाडं?" मी शेवटचा पत्ता टाकला. "ते तर तुमचंच."

"माजं?" ते हसले. "मी कवा कुनाला भाडं दिलं रं? तू द्यायचास. माज्या नावावर. आन मला वर सांगायचास, थोरले, तुमचं मन लई मोटं."

ते म्हणाले आणि मला आठवलं. पहिल्यांदा मीच दिलं होतं, माढ्याच्या एका म्हाताऱ्याला. नंतर ते थोरल्यांच्या तोंडी घालून घालून मी स्वतःच विसरलो होतो.

मी खाली बसलो. प्रश्न आता भाड्याचा नव्हता. अकरा वर्षं मी एक गोष्ट छातीठोक सांगत आलो होतो: मी चार बोटं दाबली. पण भाडं कोण द्यायचं हे जर माझ्या डोक्यात उलटं बसू शकतं, तर बोटांचं काय? घाईत तीनच दाबली असतील तर? मग मी ज्याला चोर म्हणालो, ज्याचं उपरणं शेणात टाकलं, तो खरं बोलला होता. हा विचार मला एवढ्या वर्षांत एकदाही शिवला नव्हता. आता तो त्या खोलीत माझ्या शेजारी येऊन बसला.

सुनेने चहा आणला. काचेचे पेले, वाफ येत असलेले. मी पेला उचलला, चटका बसला, तसाच खाली ठेवला. थोरल्यांनी त्यांचा पेला उजव्या हाताच्या मुठीत धरला. नीट, चारी बोटं भोवती गुंडाळून. आणि धरून ठेवला.

"मामंजी, निवू द्या म्हटलं ना," सून धावत आली आणि तिने पेला काढून घेतला. तळहात लाल झाला होता. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "साखरेमुळं बोटं मेलीत त्यांची. गरम-गार काही कळत नाही. परवा तव्याला हात लागला, मला वासावरून कळलं."

"किती वर्षं?" मी विचारलं.

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते. तेरा तरी झाली."

थोरले टीव्हीकडे बघत होते. तेरातून अकरा वजा करायला मला बोटं लागली नाहीत.

बोटं मेलेला दलाल. बाजारात ही गोष्ट कुणाला कळली असती तर त्यांच्या उपरण्याखाली दुसऱ्या दिवशी कुणी हात घातला नसता. दोन वर्षं ते तसेच उभे राहिले होते. कसे, तेही मला तिथे बसल्या बसल्या लक्षात आलं. त्या शेवटच्या दिवसांत मी बोटं दाबताना ते माझ्या तोंडाकडे बघायचे. मला वाटायचं, वय झालं, माया वाढली.

मी पिशवीतून उपरणं काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते उलगडून बघितलं. मग आमच्या दोघांच्या मध्ये धरलं, हातावर टाकलं आणि म्हणाले, "घाल हात."

मी हात घातला. त्यांचा हात थंड होता आणि जुन्या चामड्यासारखा कडक. खरं सांगतो, मला खात्री करून घ्यायची होती. व्यापारी माणूस, माल पारखल्याशिवाय घेत नाही. मी त्यांची तीन बोटं दाबली. नीट, एकेक करून, जोर लावून. तीन.

थोरल्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ. तीच त्यांची पद्धत.

"चार," ते म्हणाले.

उपरण्याखाली त्यांची तीन बोटं माझ्या हातात तशीच होती. मी "नाही" म्हणू शकलो असतो. अकरा वर्षांपूर्वी मी सगळ्या बाजारासमोर "नाही" म्हणून ओरडलो होतो, आणि आज ऐकायला फक्त एक सून होती. पण त्यांनी माझ्या तोंडावरून वाचलं होतं, आणि तोंडावर चारच होतं.

"बरोबर," मी म्हणालो. "चार."

त्यांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "त्या दिवशी मी गिराइकाच्या तोंडाकडं बघत हुतो. तुज्या न्हाई. तुजी बोटं लागली, पर किती ती कळली न्हाईत. तीन म्हनून गेलो. मग सगळ्यांनी इचारलं, तवा काय सांगनार, की मला कळत न्हाई?"

"मला सांगायचं होतं."

"तुला?" ते म्हणाले. "तू तर तितंच वरडला असतास."

ओरडलोच असतो. पण पहिला दिवस ओरडून झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून मी त्यांची बोटं झालो असतो, आणि हे त्यांना कळायला हवं होतं. माझी तक्रार आता ही आहे. ती अजून गेलेली नाही आणि मी जाऊ देणारही नाही. खोटं बोलले म्हणून आता राग येत नाही. त्यांना माझा भाव कळला नाही, म्हणून येतो.

शेणात फेकलेल्या उपरण्याबद्दल मी काहीतरी बोलायला लागलो, तर ते म्हणाले, "ते धुतलं की तवाच," आणि नवं उपरणं खांद्यावर टाकून पेल्याकडे हात नेला. सुनेने आधी पेल्याला बोट लावून बघितलं, मग दिला.

परत आलो तेव्हा मेस्त्रीने विचारलं, "क्या सेठ, मिला आदमी?" मी म्हणालो, "कंप्यूटरच है." तो आठ दिवस विजयी मुद्रेने फिरत होता. बाजारात जाऊन खरं काय ते सांगावं, असं मनात दोनदा आलं. बैलबाजारातले जुने लोक अजून आहेत. पण ते सांगायचं म्हणजे त्या दोन वर्षांतले थोरल्यांचे सगळे सौदे लोक उकरून काढणार, आणि ज्याचा त्याचा तोटा त्यांच्या बोटांवर घालणार. तेव्हा मी गप्प बसलो. हे लिहायचं ठरवलं तेव्हा त्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "लिव्ह. आता कोन माज्या हातात हात द्यायला येतंय?"

आता रविवारी सातला आमच्या घरात भांडण होतं ते फोनवर होतं. पहिली चिठ्ठी आली की बार्शीहून फोन येतो. सून लावून देते.

"बघितलंस? आपटली."

"वेळ किती घेतला ते बघा," मी म्हणतो. "तुमच्यासारखाच."

"भाडं दिऊ दे मग मानतो."

बायको अजून म्हणते ती बाई आहे. थोरल्यांचं आता नवीन मत असं की शेठ एक माणूस नसावा. दोघं असावेत, पडद्यामागं शेजारी शेजारी बसलेले, एक आकडा सांगणारा आणि एक हात बाहेर काढणारा. मी म्हणालो, हे शक्य नाही. ते म्हणाले, का न्हाई? मी त्यावर आवाज चढवला, आणि बायकोने टीव्हीचा कमी केला.